हेमक्काचा मधला दिवस

हुबळीतल्या आमच्या मराठी घरांत मुलीचं लग्न ठरत आलं की पत्रिका जुळवायच्या आधी हेमक्काला बोलावतात. हेमावती पिसे तिचं नाव. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, ‘सगळ्यांच्या नवऱ्यांची माहिती आहे मला, कशाला करू?’ लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे, त्याच्या वर तिची एक खोली. दारावर पाटी, ‘पिसे खासगी तपास’. तपास कसला, तर मुलगा पितो का, आधीचं काही लफडं आहे का, सासू पोटभर जेवायला घालते का. माझ्या नवऱ्याची, बाळकृष्णाची चौकशी तिनंच केली होती. ‘माणूस भला आहे, घोरतो मात्र फार,’ असा निरोप आला. दोन्ही खरं निघालं.

टीव्हीतल्यासारखा काळा चष्मा आणि खोटं नाव तिला कधी लागलं नाही. सरळ मुलाच्या गल्लीत जायची, चार घरं आणि एक पिठाची गिरणी गाठायची आणि सांगायची, ‘मी हेमावती पिसे, स्थळाची चौकशी करायला आलेय.’ स्थळ म्हटलं की लोक खुर्ची देतात, चहा टाकतात आणि विचारलं नाही तेही सांगतात. त्यानंतर ती एक दिवस मधे सोडायची.

‘पहिल्या दिवशी लोक शहाण्यासारखं बोलतात गं,’ ती म्हणायची. ‘मधे एक दिवस गल्लीला आपसात बोलू द्यायचं. तिसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन उभं राहिलं की खरं काय ते कळतंय बघ.’

तीस वर्षं हा मधला दिवस तिनं चुकवला नाही. धारवाडपासून अळणावरपर्यंत तिचं नाव सांगितलं की कुठलंही दार उघडायचं. मला तिचा अभिमान होता, आणि तो मी येईल त्या गिऱ्हाइकापुढे मिरवायची. आता त्याची लाज वाटते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिशीतली, हाडकुळी, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. मोडक्या हिंदीत, मधे मधे कानडी शब्द घालून तिनं विचारलं, माणसं शोधणारी अक्का इथेच राहते का. मी तिला वर नेलं आणि, खोटं कशाला बोलू, ऐकायला तिथेच बसले.

ती बांगलादेशातून आली होती. ती आणि तिची धाकटी बहीण, दोघी सहा वर्षांपूर्वी सीमा ओलांडून आल्या. कागद एकही नव्हता. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये भंगारातलं प्लास्टिक निवडायचं काम करत. तिथला मुकादम सटवाजी. त्यानं शेडमधल्या सगळ्या बायकांना इकडची नावं वाटली होती. हिचं नाव प्रियांका, बहिणीचं पूजा; पण बहीण हिला आपा, म्हणजे ताई, असंच म्हणायची. पूजा एकोणीस वर्षांची. प्लास्टिक चिरडायच्या मशीनमध्ये तिची डाव्या हाताची करंगळी गेली, तेव्हा दवाखान्यात न नेता शेडमध्येच चिंधी बांधली. जखम सुकते न सुकते तोच सटवाजी तिला रोज आपल्या खोलीवर बोलवायला लागला. एका पहाटे ती पळाली. त्याला तीन आठवडे झाले होते.

‘तो शोधतोय तिला,’ प्रियांका म्हणाली. ‘आधी एक बाई पळाली होती. शेडच्या मागच्या विहिरीत मिळाली. कोण होती ते कुणी विचारलंसुद्धा नाही.’

पोलिसांत जायची सोय नव्हती. आधी हिलाच धरतील, परत पाठवतील, आणि पूजा इथेच राहील. हे सटवाजीलाही पक्कं ठाऊक होतं. ज्यांची कुठे नोंदच नाही त्यांच्याशी कसंही वागा, बोंब मारायला कोण येतंय! मला त्याचा संताप आला, पण त्याहून भीती जास्त वाटली.

प्रियांका गेल्यावर मी म्हणाले, ‘अक्का, ह्या भानगडीत पडू नको. आपलं काम स्थळांचं.’

 हेमक्का म्हणाली, ‘बाई विहिरीत गेली आणि कुणी विचारलं नाही, रुक्मिणी. मला दुसरं काय येतंय? विचारायचंच येतंय की.’

सोमवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी एक पांढरी जीप उभी राहिली. दुपारीही होती. मंगळवारी दिसली तेव्हा मी बाळकृष्णाला बोलले. तो म्हणाला, असेल कुणाची तरी, तुला काय करायचंय. त्याच दुपारी एक माणूस बायकोची साडी फॉल लावायला घेऊन आला. पन्नाशीचा, कपाळावर बुक्का, बोलणं एकदम अदबीचं.

‘वर राहतात त्या हेमक्का का हो वैनी?’ त्यानं विचारलं. ‘माझ्या पुतणीचं बघायचं होतं. भरवशाच्या आहेत नव्हं?’

झालं, मला तेवढंच हवं होतं. चार घरं, गिरणी, मधला दिवस, तिच्या नावावर उघडणारी दारं, सगळं सांगितलं. पाचेक मिनिटं मी बोलत होते आणि तो मान डोलवत होता. नाव विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती साडी न्यायला तो परत आला नाही.

इकडे हेमक्काचं डोकं चालू होतं. जिच्याकडे कागद नाही ती पोरगी जिथे कागद मागत नाहीत तिथेच जाणार. म्हणजे अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेलं घर. तिथे राबणारे हात मिळाले की बाकी कुणी विचारत नाही. अशी घरं तिला पाठ होती. बुधवारी संध्याकाळी ती धारवाडहून परतली ती हसतच. केलगेरीत, तळ्याच्या अलीकडे, भागीरथीबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या लकवा झालेल्या नवऱ्याचं करायला वीसेक दिवसांपूर्वी एक मुलगी राहिली होती. डाव्या हाताला चारच बोटं.

‘गिरणीत काय सांगितलंस?’ मी विचारलं.

‘काय सांगणार, सवयीनं तेच तोंडात आलं. स्थळाची चौकशी म्हणून.’

‘मग आत्ताच जाऊन घेऊन ये की तिला!’

‘आज ओढून आणली तर गल्ली बिथरेल. आणि आणून ठेवू कुठे? अळणावरला वनिताकडे, माझ्या मावसबहिणीकडे, उद्या सोय करते. परवा जाऊ. मधला दिवस जाऊ दे.’

मीही जास्त ताणलं नाही. गुरुवारी जीप दिसली नाही, तेव्हा मला बरंच वाटलं. मी त्या दिवशी निवांत जेवले.

शुक्रवारी आम्ही दोघी केलगेरीला गेलो. दार भागीरथीबाईंनी उघडलं. पंचाहत्तरीची, वाकलेली बाई, पण चेहरा आनंदानं नुसता फुललेला.

‘यावा, यावा! हेमक्का तुम्हीच नव्हं? कालच तुमच्या माणसाबरोबर पाठवली की पोरीला!’

हेमक्कानं विचारलं, ‘कुठल्या माणसाबरोबर?’

‘बुक्का लावलेले. फार सभ्य. हेमक्कानं पाठवलंय, मुलाकडचे बघायला आलेत म्हणाले. आदल्या दिवशी गिरणीतनं कळलंच होतं मला, तुम्ही स्थळ बघालाय म्हणून. म्हटलं, अनाथ लेकराचं कुणीतरी बघतंय! माझी नवी साडी नेसवली. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. अबोलीचा गजरा माळला. लई छान दिसत होती हो.’

आतून म्हाताऱ्याच्या कण्हण्याचा आवाज आला. भागीरथीबाई ‘आले, आले’ म्हणत आत वळल्या आणि हेमक्का पायरीवर खाली बसली. तो अदबीचा माणूस सटवाजीनं पाठवलेला, बुधवारी जीप हेमक्काच्या मागोमाग इथवर आली असणार, आणि तिच्या नावावर हे दार उघडेल हे त्याला मीच सांगितलं होतं. तिथेच मी तिला सगळं सांगितलं.  तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी प्रियांका आली तेव्हा हेमक्कानं तिला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. प्रियांका रडली नाही. उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘चला ठाण्यात.’ हेमक्कानं तीन वेळा सांगितलं, तुला धरतील. तिनं ओढणी नीट केली आणि जिना उतरायला लागली. ठाण्यात तिनं आपलं खरं नाव सांगितलं, शाहिदा. बहिणीचं सांगितलं, रेशमा. गावाचं, नदीचं नाव लिहून दिलं. तक्रार लिहून घेतली आणि तिला आत बसवलं. पोलीस बेलूरला पोचले तेव्हा शेड रिकामं होतं, मशीनसुद्धा नव्हतं. सटवाजीचा पत्ता नव्हता. विहीर उपसली, त्यात काही मिळालं नाही. ह्याला चांगली बातमी म्हणायचं की काय, ते मला आजही ठरवता येत नाही.

हेमक्कानं पाटी काढली. लोक अजून स्थळं घेऊन येतात, ती परत पाठवते. रेशमाला शोधायला ती गदगपर्यंत, कारवारपर्यंत जाऊन आली. पण कुणाला विचारत नाही; नुसती शेडच्या दारांसमोर उभी राहते आणि बाहेर पडणाऱ्या बायकांचे डावे हात बघत बसते.

परदेशी म्हणून धरलेल्या बायकांना जिथे ठेवतात तिथे शाहिदाला भेटायला आम्ही मागच्या महिन्यात गेलो. तिला परत पाठवायचे कागद तयार झाले होते. जाळीपलीकडून तिनं एकच विचारलं.

‘ओढून नेलं का तिला? ओरडली का?’

ह्याचं उत्तर भागीरथीबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी दिलं होतं. हेमक्कानं ते इतके दिवस पोटात ठेवलं होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली.

‘नाही,’ हेमक्का म्हणाली. ‘ओरडली नाही. आपणहून बसली जीपमध्ये. हसत होती. म्हातारीच्या पाया पडली आणि म्हणाली, आपाने बुलाया है.’