भर दुपारचा दिवा

आमच्या घरी भर दुपारी दिवा लागे. रेडिओ सुरू करायचा तर आधी दिवा लावायचा, असा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नियम होता. आम्ही सगळे रेडिओकडे कान लावून बसत असू आणि मामाजी एक हात रेडिओच्या भिंतीवरच्या बटणावर ठेवून दिव्याकडे टक लावून उभे. एखादं गाणं तरी त्यांनी पुरतं ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

त्याला कारणही घडलं होतं. माझ्या नवऱ्याने हौसेने रेडिओ आणला आणि दुसऱ्याच महिन्यात विजेचा दाब असा उसळला की आतला काचेचा व्हॉल्व्ह जळाला. नवा मुंबईहून येईपर्यंत दोन महिने त्या मुक्या खोक्यावरचा भरतकामाचा रुमाल तेवढा पाहत बसलो. गल्लीच्या तोंडाशी शेषरावांची आटाचक्की होती. ती चालू असली की आमचा दिवा मिणमिणे आणि थांबली की भक्कन उजळे. त्या उजळण्याचीच मामाजींना धास्ती. दिवा जरा वर चढला की रेडिओ बंद. जन्मभर त्यांनी जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर लुगडी विणली. "धागा तुटायच्या आधी दिसते, सुनबाई. पाहणारा पाहिजे," असं म्हणत, आणि त्यांना खरंच दिसे.

या राखणीत आम्ही मात्र पुरते कोंडले गेलो. त्यांच्या आणि दिव्याच्या मधून कोणी जायचं नाही, त्यामुळे रेडिओ लागला की जो जिथे बसला तो तिथेच. आत चुलीवर वरण लागल्याचा वास यायचा आणि मी मांडी घालून गप्प. शेजारच्या बाया एकदा अशा अडकल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मला भारी राग यायचा. तुम्ही जेवून घ्या, मी दिवा पाहते, असं एकदा म्हटलं, तर घास हातात धरून दारातून ते दिव्याकडेच पाहत राहिले. एका खड्ड्यातून निघाले आणि स्वतःच दुसरा खणून बसले, असं मी नवऱ्याजवळ बोललेही.

माझी नणंद कमल गोड गायची. तिचं लग्न उमरेडला ठरलं आणि लग्नानंतर गाणं चालणार नाही, असं सासरच्यांनी आधीच सांगून टाकलं. लग्नाला पंधरा दिवस असताना तिला रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात एक गाणं म्हणायला बोलावणं आलं. पहिलं आणि शेवटचं. तिनं तिथं म्हणायचं आणि त्याच क्षणी आम्ही इथं ऐकायचं. ते जपून ठेवायची सोय आमच्याकडे कुठली? मामाजी आदल्या दिवशी शेषरावांकडे जाऊन तेवढा वेळ चक्की बंद ठेवा म्हणून हात जोडून आले.

शेषराव भला माणूस, पण विसरला. चक्की चालूच राहिली. दिवा मंद होता, पण स्थिर होता. कमलचा आवाज आला आणि मामाजींचे डोळे भरले. पहिली ओळ झाली न झाली, तोच शेषरावांना आठवण झाली आणि त्यांनी घाईघाईने चक्की थांबवली. दिवा भक्कन उजळला. मामाजींच्या हाताने बटण बंद केलं.

ते तसेच थिजून उभे राहिले. मधून जायचं नाही ही सवय आमच्या इतकी अंगवळणी पडलेली की कोणी उठेना. शेवटी मीच उठले, बटण लावलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत गाणं संपलं होतं; आवाज आला तो लिंबाच्या लोणच्याच्या कृतीचा.

तासाभराने कमल दारातच विचारत आली, "बाबा, कसं झालं?"

"एक धागा तुटला नाही, पोरी," मामाजी म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ते बोलणं मनात घेऊन ती सासरी गेली, आणि आम्ही त्या खोट्यात कायमचे अडकलो. त्यानंतर घरात रेडिओ फारसा लागला नाही.

दोन वर्षांनी मामाजींनी अंथरूण धरलं. कमल भेटायला आली. दुपारीही खोलीत अंधार होता म्हणून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तर मामाजी म्हणाले, "दिवा नको, सुनबाई." मग कमलकडे वळून, "ते गाणं म्हण वं. मी ऐकलंच नाही त्या दिवशी. दिवाच पाहून राहिलो होतो."

कमल त्यांच्या उशाशी बसली. मग म्हणाली, "मीबी तवापासून म्हटलं नाही, बाबा."

तिनं सुरुवात केली. दोनदा सूर तुटला. मामाजींनी डोळे उघडले नाहीत. आत चुलीवर वरण लागल्याचा वास आला. आता मला कोणी अडवलेलं नव्हतं, तरी मी उठले नाही.