छत धरणारा

आमच्या दादाला गॅरेजात पाठीमागे सगळे सुईण म्हणत. कारण तो इंजिन उघडायचा ते पडद्याआड.

सगळ्याच गाड्यांचं नव्हे. त्या बुटक्या, दोन माणसांच्या, छत मागे पडणाऱ्या महागड्या गाड्या असतात ना, त्यांचं. पुढचं झाकण उघडा, सामानाची जागा. मागचं उघडा, तिथेही सामान. इंजिन बसलेलं असतं मधोमध, सीटांच्या पाठीमागे, दुमडलेल्या कापडी छताच्या खाली. नवा मेकॅनिक नुसत्या प्रदक्षिणा घालत राहतो. गॅरेजात ते उघडायला एकट्या दादाला यायचं. म्हणून खिडकीजवळचा कोपरा त्याचा, तारेवर सरकणारा ताडपत्रीचा पडदा त्याचा, आणि मालक त्याला ‘अहो’ म्हणायचे. आम्ही बाकी सगळे ‘ए’.

पडद्याच्या आत फक्त मला प्रवेश. छताची मागची कड उचलून धरायला दोन हात लागायचे, ते माझे. पण धरताना तोंड भिंतीकडे. मी चांगला लग्न झालेला, एका मुलीचा बाप. तरी मान जरा वळली की दादाचा पाना माझ्या पोटरीवर बसायचा.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणायचा. “तुला दाखवली की उद्या माझ्याच पोटावर पाय आणशील.”

“दादा, सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

“म्हणून तर.”

सात वर्षं मी ती भिंत पाहिली. तिचा पोपडा न् पोपडा मला पाठ होता. बाहेर आलो की मंडळी विचारायची, “काय, मुलगा की मुलगी?” आमच्याकडे जेवायला आला की दादा माझ्या मुलीला सांगायचा, “तुझा बाप म्हणजे खुंटी आहे, खुंटी.” ती खुदकन हसायची. मला तिचाच राग यायचा, हे कबूल करतो.

मग एकदा दादा तापाने घरी होता. अशाच एका गाडीचा पुढचा कप्पा झाडताना मला हत्यारांची पिशवी सापडली. तिच्यात एक पट्टा, दोन्ही टोकांना आकडे. सोबत पुस्तक, त्यात चित्रं. छत अर्ध्यावर नेऊन थांबवा. दोन्ही बाजूंच्या दांड्या सोडवा. मागची कड उभी करून पट्ट्याने बांधा. मग गालिचा काढा आणि झाकणाचे स्क्रू. चित्रांत छत धरणारा माणूस कुठेच नव्हता. मी पुस्तक मांडीवर घेऊन खाली बसलो आणि मला रडू आलं. सात वर्षं मी एका पट्ट्याचं काम करत होतो, आणि दादाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पट्टा आणि पुस्तक मी होतं तिथे ठेवून दिलं. दादा कामावर आल्यावर पुन्हा छत धरलं. पुढे चार वर्षं धरलं.

यंदा दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यातच जमा. ती मूठ आता मिटेना. चार महिन्यांनी तो कामावर आला तेव्हा मालक म्हणाले, “मंगळवारी एक गाडी येतेय. तुम्ही उघडलीत तर कोपरा तुमचा. नाही जमलं तर घरी आराम करा.”

आदल्या दिवशी वहिनी आमच्याकडे आली. “भाऊजी, हा माणूस घरी बसला तर महिनाभरात संपेल. पडदा आहेच की. आत तुम्ही करा, बाहेर नाव त्यांचं. कुणाला कळणार आहे?”

“बरं,” मी म्हणालो. तेव्हा ते खरंच मनापासून म्हणालो होतो.

मंगळवारी दादाने डाव्या हाताने पडदा ओढला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “दांड्यांपासून सुरू कर. मी सांगतो तसं.”

“सांगू नकोस. येतं मला.”

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

त्याचा चेहरा पडला. मी दांड्या सोडवल्या, छत उभं केलं आणि म्हणालो, “धर.” त्याने डावा हात लावला, उजवा नुसता टेकवला. मी सीटांवर पालथा पडून काम केलं. झाकण निघालं.

“आता पाना माझ्याकडे दे,” दादा हळूच म्हणाला. “मग पडदा उघड.”

वहिनीचा चेहरा आठवला मला. तरी पाना मी माझ्याच हातात ठेवला आणि पडदा सर्रकन बाजूला केला.

अख्खं गॅरेज समोर उभं. मालकांनी उघडं इंजिन पाहिलं, माझे काळे हात पाहिले, दादाचे स्वच्छ हात पाहिले. कुणीतरी फिसकन हसलं.

“ए, तू जा आता घरी,” मालक दादाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “अहो, हे छत धरायला माणूस लागतोच का?”

पुढच्या कप्प्यातली हत्यारांची पिशवी मी काढून ठेवली होती; पट्टा तिच्यातून अर्धा बाहेर आला होता, माझ्या पायाशीच. मी तो बुटाने गाडीखाली सारला. दादाने ते पाहिलं.

“लागतो,” मी म्हणालो. “राहू द्या त्याला.”

वहिनीला वाटतं मी दादाची नोकरी वाचवली. माझ्या मुलीला बोलावून गोडधोड खाऊ घालते. दादाने वहिनीला काही सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तशीच दुसरी गाडी आली. मी पडदा ओढला. आता त्याची काही गरज नव्हती. छताची कड उचलून दिली, दादाने खांदा लावून ती पेलली. त्याची नजर माझ्या हातांवर होती.

“दादा,” मी म्हणालो, “तोंड भिंतीकडे.”

त्याने वळवलं.