बिनवासाची वाकळ

निपाणीत आमच्या गल्लीत लक्ष्मीबाई मशेरी भाजायला बसली की आजूबाजूची माणसं शिंकत बाहेर यायची. तिला स्वतःला मात्र कधी शिंक आली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. विड्या वळून नवऱ्याच्या मागं तिनं दोन्ही पोरं शिकवली. थोरली सौम्या बेळगावात, वडगावला राहते, बँकेत आहे. धाकटा भीमरत्न आयर्लंडला इंजिनियर.

त्याची बायको रचना बाळंत व्हायची होती. तिला आई नाही, म्हणून तिनं सासूलाच बोलावलं. भीमरत्नानं फोनवर बजावलं, "आई, मशेरी आणू नको. घरात लेकरू असणार, तंबाखूचा वाससुदीक नको. जमत न्हाय तर येऊच नको."

ज्या तंबाखूवर हा शिकला त्याच तंबाखूचं त्याला एवढं वावडं, याचा मला रागच आला. लक्ष्मीबाईला राग आला नाही, ती धास्तावली. नातवंड मांडीवर घ्यायचं तर मशेरी सुटायला हवी, एवढंच तिला समजलं. तिनं डबी गटारात फेकली आणि गल्लीभर सांगत सुटली.

मग बॅग भरणं सुरू झालं. ज्यांनी पासपोर्ट डोळ्यांनी पाहिलेला नाही तेही सल्ले देऊ लागले. शेजारची जयाबाई दुकानातून वजनकाटा घेऊन आली. लोणचं काढलं, शेंगांची चटणी राहिली. डिंक, खारीक, आळीव जागच्या जागी बसले. बुद्धपौर्णिमेला नेसायची पांढरी साडी गेली. सगळ्यात वर बाळाची वाकळ. लक्ष्मीबाईच्या घरात लेकराला पहिलं कापड नवं लावत नाहीत. आजीच्या विरलेल्या लुगड्याची वाकळच लागते. ती तिनं स्वतः शिवली होती, टाके बारीक, कडेला निळी पट्टी.

रविवारी सौम्या बॅग तपासायला आली. झाकण उघडलं आणि तिनं तोंड फिरवलं.

"आई, मशेरी कुठं दडवलीयास?"

"आण तुजी, न्हाय गं."

सौम्यानं एकेक वस्तू बाहेर काढली, बॅग उलटी केली. मशेरी नव्हती. वास सगळ्यालाच होता, खारकांना, साडीला, वाकळेला. लक्ष्मीबाईनं वाकळ नाकाला लावली, पुन्हा लावली.

"मला तर काय बी यीना."

"तुला कसा यील? जलमभर त्यातच हाईस तू."

डबी फेकता येते, पण सबंध घर कुठं फेकणार? लक्ष्मीबाईनं वाकळ धुऊन दोरीवर टाकली. तंबाखूचा हंगाम होता, गावातल्या वखारी भरलेल्या. वाऱ्यावर वाळून ती पुन्हा तशीच झाली. शेवटी सौम्यानं ठरवलं, हितलं काही न्यायचं नाही. आईला फक्त वाकळ आणि साडी देऊन वडगावला नेलं. बाकी सामान बेळगावात नवं घेतलं, बॅगही नवी.

वडगावचे दिवस वाईट गेले. मशेरीवाचून तिचं डोकं गरगरायचं. ती कुकरशी भांडायची, शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटाला शिव्या घालायची. मी भेटायला गेलो तर मलाच झापलं, "बघतोस काय, माकड हाय व्हय मी?" पण रोज वाकळ धुवायची, गच्चीवर वाळवायची आणि सौम्याच्या नाकापुढं धरायची. सौम्या नाही म्हणून मान हलवायची.

एका सकाळी दोरीवरून वाकळ काढताना लक्ष्मीबाई थबकली. "शी! तंबाखू!" ती मोठ्यानं म्हणाली. तिचा तिलाच वास आला होता. त्या दिवसापासून तिला कुणाला विचारावं लागलं नाही. वास जाईपर्यंत ती धूत राहिली, आणि मगच वाकळ बॅगेत गेली.

तिकिटाच्या तारखेआधीच रचना बाळंत झाली, मुलगी झाली. लक्ष्मीबाई पोचली तेव्हा घरात नात होती. पुढचं तिनंच परत आल्यावर मला सांगितलं. भीमरत्नानं बॅग उघडली, वाकळ काढली आणि तोंडावर धरली. बराच वेळ तशीच धरली.

"आई, हिला नुसता साबणाचा वास येतोय गं."

"मग? तूच म्हनलास की."

"म्हनलो खरं," तो म्हणाला, आणि वाकळ काही त्यानं खाली ठेवली नाही. तेव्हा मात्र लक्ष्मीबाईला पोराचा राग आला आणि कीवही आली.

रचनानंच ती त्याच्या हातातून घेतली, मुलीला गुंडाळलं आणि सासूच्या मांडीवर दिलं.

हे सांगताना लक्ष्मीबाईच्या हाताला चाळा नव्हता. मशेरी सुटली होती, सूपही जयाबाईला देऊन टाकलं होतं. ती म्हणाली, "पोरीचं डोस्कं नाकाशी आलं, तवा दुधाचा वास आला बग. तान्ह्या लेकराला असला वास असतोय, मला ठावंच न्हवतं. माजी दोन हुती की रं मांडीवर. मला त्यांचा वास कदी आलाच न्हाय."