नंबर तोच होता

“लेटेस्ट म्हणजे कोणतं? नंबर सांग.” ताई खुर्ची न वळवता नुसता तळहात मागे करायच्या आणि आपण हवालदारानं अडवल्यासारखे जागीच उभे. अशी खडूस माणसं तुमच्याही ऑफिसात असतीलच.

वर्ध्यातली आमची लहानशी कंपनी जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर बनवते. कापसाच्या गंजीत उष्णता वाढली की भोंगा वाजवणारं. तयार झालेलं सॉफ्टवेअर, म्हणजे बिल्ड, नंबर देऊन सर्व्हरवर ठेवायचं, आणि सगळ्या जिनिंगांनी ते तिथूनच घ्यायचं. हे सगळं ताई बघायच्या. एकदा नंबर दिला की त्या बिल्डला हात लावायचा नाही. मी एकदा स्पेलिंगची चूक गुपचूप सुधारायला गेलो, तर म्हणाल्या, “बारसं झालेल्या पोराचं तोंड बदलते का रे? नवा नंबर घे.” दुपारी मात्र वांग्याची भाजी आधी माझ्या डब्यात.

मग भोंग्यात चूक सापडली. तो कधी कधी गप्पच राहायचा. दुरुस्ती झाली, पण साहेब म्हणाले, “नंबर तोच ठेवा. नवा दिसला तर गिऱ्हाईक विचारतील, काय बिघडलं होतं.”

“साहेब, तिकडचं मशीन नंबरच पाह्यते. तोच दिसला तर नवं घेतच नाई.”

“फोन करून जुनं काढायला लावू.”

ताई भांडल्या, रडवेल्या झाल्या. घरी नवरा आजारी, नोकरी सोडता येत नव्हती. शेवटी त्यांनी जुन्याच नंबरवर नवं बिल्ड चढवलं.

हिंगणघाटच्या एका जिनिंगला फोन करायचा राहिला. तिथं कापसाची गंजी पेटली, भोंगा वाजला नाही. आडोशाला झोपलेला एक हमाल गेला. चौकशीत साहेबांनी दाखवलं, नंबर बरोबर आहे. बरोबरच होता. साहेबांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

ताई हमालाच्या घरी एकट्याच गेल्या. परत येऊन टेबल आवरायला लागल्या.

“मी त्याच्या बायकोले सांगतलं, हे माह्या हातानं झालं. तिले काई समजलं नाई. मलेच पाणी देल्लं. अन् म्हणे, बाई, बाकीच्या जिनिंगमधले भोंगे तरी वाजतात ना?”

“मग काय सांगितलंत?”

“काय सांगू? कोणाकडं कोणतं हाय, मले तरी कुठं मालूम हाय?”

त्या पुन्हा आल्या नाहीत. नवा नंबर द्यायला साहेब अजून तयार नाहीत. मी एकेका जिनिंगला फोन करतो, जुनं काढून पुन्हा घ्या म्हणतो.

“नंबर तं बरोबर हाय ना भाऊ,” तिकडून म्हणतात, “मंग काढाचं काऊन?”