देवी गप्प राहिली तो दिवस

देवीकडून मला एकच हवं होतं, की तिने माझ्या वतीने ठरवावं. जायचं की राहायचं, हे आपलं आपण ठरवण्याची छाती माझ्यात नव्हती.

माझे यजमान लढाईत ब्रह्मदेशाकडे गेले ते परतले नाहीत. त्याआधी रजेवर आले की ते मला वाचायला शिकवत, मास्तरीण हो म्हणत, आणि मी तोंडाला पदर लावून हसत असे. ते गेल्यावर माझ्या भावाने साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव घातलं. मी तर तासगावच्या बाजाराच्या पलीकडे जग पाहिलं नव्हतं. लोक काय म्हणतील ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की हे घर सोडलं तर त्यांचा आवाज आठवायचा बंद होईल. सासऱ्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "कौल लावल्याबिगर घरची सून उंबरा वलांडायची न्हाई." सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या भाकऱ्या थापत राहिल्या.

गावामागच्या डोंगरावर आमच्या देवीचं ठाणं आहे. निघायच्या दिवशी साताऱ्याची मोटार संध्याकाळची होती, म्हणून सकाळीच वर गेले. गुरवाने कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. एरवी थोड्या वेळात कौल मिळतो. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी कळ्या जागच्या हलेनात. गुरव कंटाळून जेवायला खाली गेला. मी विनवण्या करून थकले आणि शेवटी देवीवर रुसून बाहेर कट्ट्यावर येऊन बसले.

वाळल्या गवतातून वारा वाहत होता. खाली माळ, चार बाभळी, वर एक घार. घरात सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलत. इथे मला कोणी जपत नव्हतं, आणि त्यानेच जीव निवला. यजमानांची फार आठवण आली. त्या दिवशी मी ती आठवण आवरली नाही.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारी धनगरीण वर आली. माझी कथा ऐकून हसली. "सकाळधरनं बसलीयास व्हय? तिला बी कामं असत्यात, बाय." मग ताकाचं गाडगं पुढे करत तिने विचारलं, "आन् डावा आला असता, तर ऱ्हायली असतीस?"

हो म्हणायला तोंड उघडलं, पण रडूच आलं. तिने समजूत घातली नाही. माझं रडून होईपर्यंत शेजारी बसली. "मग तिला इचारू नगं. संगं चल म्हन," म्हणाली आणि मेंढरांमागे निघून गेली. पुढे कितीदा मी त्या डोंगरावर गेले, पण ती पुन्हा भेटली नाही.

मी आत जाऊन देवीला 'संगं चल' एवढंच म्हटलं आणि खाली उतरले.

"मामंजी, देवीनं कौल दिला न्हाई. तरी बी मी जाणार हाय."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार तोच सासूबाई चुलीपासून उठून आल्या. मुलगा गेल्यापासून त्यांचा आवाज घरात कोणी धड ऐकला नव्हता.

"पोरगं फौजंत निघालं तवा तिनं उजवा दिला हुता," त्या म्हणाल्या. "आज गप बसली, लय बरं झालं. जाऊ द्या पोरीला."

सासरे पागोटं चढवून उठले. मग माझी ट्रंक खांद्यावर घेऊन फाट्याकडे चालू लागले.

साताऱ्यात मी पुष्कळ रडले. त्या कट्ट्यावरच्या वाऱ्यासाठी जीव तुटायचा, अजून तुटतो. मी मागितलेलं उत्तर देवीने दिलं नाही, म्हणून माझं आयुष्य माझ्या हाती आलं. ते पुढे नेताना ती माझ्या सोबत होती की नव्हती, हे मी कोणाला पटवायला जात नाही. हात जोडले की डोळे भरून येतात, एवढंच मला ठाऊक आहे.