पंचांचा चौथा डाउन

"निर्णय झाला," असं म्हणून आमचे पंच उजवा हात सरळ वर करायचे, आणि तो हात खाली येईपर्यंत समोरच्याने जे काय बोलायचं ते मनातल्या मनात बोलायचं असे. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून कितीही जुंपलेली असो, त्या हातापुढे सेक्रेटरीसुद्धा गप्प बसत. कारण विचारलेलं त्यांना चालत नसे. "पंचानं कारन सांगायचं नसतं. कारन सांगितलं का दुसरा तोंड उघडतो." घरात काकूंनाही हाच नियम होता. आमटी बिघडली एवढाच निकाल त्यांना कळे. काय बिघडलं ते त्यांनी स्वतः चाखून शोधायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याची नोकरी एक असते आणि खरा हुद्दा दुसराच. पंच पाटबंधारे खात्यात होते, पण तिथे ते काय करत हे आम्हाला कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. खरं काम म्हणजे कबड्डीची शिट्टी. मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. पनवेल-उरण भागातल्या गावोगावच्या सामन्यांना त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पंचगिरी केली. शिव्या खाल्ल्या, चपला चुकवल्या, एकदा तर मांडवाची कनात उचलून त्यांना मागच्या मागे शेतातून पळवावं लागलं. पण दिलेला निर्णय फिरवला नाही. निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

मी खारघरच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे जगात जे जे इंग्रजीत चालतं त्याची जबाबदारी माझ्यावर आहे, असा पंचांचा समज होता. एका सोमवारी सकाळी त्यांनी माझी बेल दाबली. माझ्या हातात अजून टूथब्रश होता.

"सर, चला. इंग्रजी हाय."

टीव्हीवर डोक्यात शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर आदळत होती. अमेरिकेत रविवारची रात्र होती आणि तिथल्या फुटबॉलचा सामना थेट चालू होता. मी आयुष्यात हा खेळ पाहिलेला नव्हता. तसं सांगितलं, तर पंच म्हणाले, "मी तरी कुठं बगितलाय? बसा."

हे खूळ का, ते काकूंनी चहा देताना हळूच सांगितलं. एकुलता एक मुलगा कितीतरी वर्षं अमेरिकेत होता. दर आठवड्याला फोन यायचा. बापाला विचारायचा, "बरे आहात ना?" बाप सांगायचा, "बराय. आयला देतो." एवढ्यावर दोघांचं संपायचं. मग एकदा फोनमध्ये मागून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला. मुलगा म्हणाला, फुटबॉलच्या मॅचला आलोय. पंचांनी त्यावरून निकाल दिला, की पोराला या खेळाचा भारी नाद आहे. आपल्याला नियम कळले तर पोराशी बोलायला काहीतरी मिळेल. काकूंनी सुचवलं, दुसरं काहीतरी बोला की, तिकडच्या हवेबद्दल बोला. हात वर झाला.

पहिले काही सोमवार फार हाल झाले. पंच कबड्डीच्या डोळ्यांनी बघत होते. चेंडू घेऊन पळणाऱ्याला चौघांनी मिळून लोळवलं की ते समाधानाने म्हणत, "बाद!" पण तो बाद झालेला गडी कपडे झटकून उठायचा आणि पुन्हा खेळायला उभा राहायचा. पंच खुर्चीतून उठत. "हा परत कसा आला? ह्याला बाहेर बसवा कोनीतरी!" मी इंटरनेटवर वाचून सांगितलं, की इथे माणूस बाद होत नाही, फक्त डाव थांबतो. चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं, की नवे चार डाव मिळतात. या डावांना डाउन म्हणतात. पंचांनी खूप वेळ विचार केला. "म्हंजे कितीबी पडा, बाद कोनीच नाय?" अशा खेळाला पंच हवाच कशाला, असा त्यांचा चेहरा झाला.

दहा यार्ड मोजायला मैदानात साखळी आणली, तेव्हा मात्र ते खुलले. "मोजनी! आमच्या कोनला रस्त्याची मोजनी झाली तवा अशीच साखली तानलेली." आपल्याकडची मोजणी कशी झाली होती यावर पुढचा सगळा वेळ गेला, आणि त्या दिवशीची मॅच कोण जिंकलं ते आम्हाला कळलं नाही.

रेघेचा नियमही त्यांना पटत नव्हता. कबड्डीत रेघ जमिनीवर असते. इथे शेवटच्या रेघेवरून हातातला चेंडू नुसता हवेत पलीकडे गेला तरी गुण मिळतात. "ह्यांची रेघ भिंतीसारखी उभी हाय," असं त्यांनी नाराजीने मान्य केलं. खरं म्हणजे तो खेळच त्यांना आवडत नव्हता. "चार सेकंद पलायचं आनि चार मिनटं उभं ऱ्हायाचं. ह्याला खेल म्हनतात?" पण पुढच्या सोमवारी बेल वाजायचीच.

आवडले ते फक्त तिथले पंच. कुणी आगळीक केली की ते पिवळा रुमाल फेकतात, आणि मग मुख्य पंच माइकवर सगळ्या मैदानाला सांगतो, गुन्हा कोणाचा, कुठला, शिक्षा काय. कारण सांगणारा पंच! आमचे पंच बघत राहायचे. "आनि कोनी चप्पल मारत नाय," असं एकदा स्वतःशीच पुटपुटले.

मग तो फोन आला. "बरे आहात ना" झाल्यावर पंचांनी घसा साफ केला आणि पाठ करून ठेवलेला प्रश्न टाकला. "चौथ्या डाउनला स्वतःच लाथ मारून चेंडू समोरच्याला देतात. का?"

पलीकडे मुलगा हसला. "एक मिनिट हां, बाबा," म्हणाला, आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने नीट समजावलं. चौथ्या डावातही दहा यार्ड झाले नाहीत तर चेंडू जागच्या जागी द्यावा लागतो, म्हणून आधीच लांब ढकलून द्यायचा. द्यायचंच आहे, तर दूर नेऊन द्यायचं. पंचांनी फोन ठेवला आणि काकूंकडे असे बघायला लागले, की जणू पोरगा पहिल्यांदा बोलायला शिकलाय. त्यानंतर दर सोमवारी मॅच चालू असताना फोन स्पीकरवर असायचा. मी मधूनमधून जाऊन बसायचो, कारण माझ्या घरी चहा एवढा चांगला होत नाही.

एका सोमवारी मैदानातल्या पंचाने दिलेला निर्णय विरुद्ध संघाने पुन्हा तपासायला लावला. मुख्य पंच कडेला गेला, छोट्या पडद्यावर तोच डाव पुन्हा पाहिला, आणि माइकवर सांगितलं की आधीचा निर्णय फिरवला आहे.

"फिरवला?" पंचांनी मला विचारलं. "सगल्यांसमोर?"

हो म्हटलं. सबळ पुरावा दिसला तर फिरवतात.

"आनि ज्याला आधी चुकीचा ठरवला होता, तो काय बोलतो?"

"काही नाही. खेळतो पुढे."

त्यानंतर तो आठवडा पंच कोणाशी बोलले नाहीत. सोसायटीची सभा त्यांच्याशिवाय झाली, म्हणजे संपलीच नाही. काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, ते असं. मुलगा कॉलेजात असताना कोनच्या संघाकडून खेळायचा. गावच्या स्पर्धेची फायनल होती आणि बाहेरून येणारे पंच आलेच नाहीत. तेव्हा समोरच्या संघाने स्वतः सांगितलं, त्याच्या बापालाच उभा करा, तो पोराला पन सोडनार नाय. शेवटची चढाई मुलाची होती. कडेच्या रेघेवर बाप उभा. मुलगा गडी टिपून परत फिरला, आणि बापाने शिट्टी मारली. पाय रेघेबाहेर. बाद. कोनचा संघ हरला. तेव्हापासून घरात बाप-लेक एकमेकांच्या नुसत्या तब्येतीची चौकशी करू लागले, असं काकू म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी मॅच सुरू झाली, फोन स्पीकरवर होता, आणि पंच मध्येच म्हणाले, "ऐक. त्या फायनलला मी तुझा पाय बगितला नव्हता."

मी उठायला लागलो. काकूंनी मला डोळ्यांनी बसवलं.

"रेघ बगायची सोडून मी तुझं तोंड बगत होतो. तू लय खूश दिसत होतास. आनि मंग मला वाटलं, बाद नाय दिला तर लोक बोलतील, पोराला वाचवला. म्हनून शिट्टी मारली. पाय कुठं होता ते मला ठाव नाय. तो निर्णय मी फिरवतो."

माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखू येईना. टीव्हीवर कोणीतरी गुण मिळवले आणि हजारो लोक ओरडले.

"पाय बाहेर होता, बाबा," मुलगा म्हणाला. "चांगला वीतभर. मीच थांबणार होतो, तेवढ्यात शिट्टी झाली."

"मंग इतकी वर्षं राग कसला?"

"बाद दिल्याचा नव्हता. मॅचनंतर तुम्ही पंच म्हणून मानाच्या पंगतीत जेवायला बसलात. मी मांडवाच्या बाहेर थांबलो होतो. सगळं गाव मला बोलत होतं. म्हटलं, तुमच्याबरोबर घरी जाऊ."

"मला वाटलं, तू पुढं गेलास," पंच म्हणाले. मग म्हणाले, "चढाई चांगली होती." आणि मला म्हणाले, "सर, तो आवाज बंद करा." त्या दिवशी ते दोघं मॅच संपल्यावरही बोलत होते. कशाबद्दल, ते मी ऐकलं नाही. मला कॉलेज होतं, आणि शिवाय रडू यायला लागलं होतं.

तो सीझन असाच गेला. पुढचा सुरू व्हायच्या आधी पंच गेले, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मुलगा आला, सगळं रीतसर केलं, आणि काकूंसाठी थोडे दिवस राहिला. त्यातल्या एका सोमवारी सकाळी मी समोर गेलो. विचारलं, "सुरू झालेत सामने. लावू?"

"लावा," तो म्हणाला.

थोड्या वेळाने मैदानात पिवळा रुमाल पडला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हा कशासाठी?

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला नाही सांगता येणार, सर. खरं सांगू का? मला हा गेम कधीच आवडला नाही. ऑफिसच्या लोकांनी एकदा नेलं होतं, तेवढंच. बाबांनी ते लाथेचं विचारलं, तेव्हा मी फोन बाजूला ठेवून शेजाऱ्याला विचारून आलो. नंतर दर रविवारी दुपारी नियम वाचून ठेवायचो. म्हटलं, बाबा काय विचारतील नेम नाही."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? त्यांना इतका आवडायचा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "कुठं आवडत व्हता?" त्या म्हणाल्या. "मॅच संपली रं संपली का कबड्डी लावून बसायचे. तुज्यासाठी बगायचे ते."

मुलगा हसला. बराच वेळ हसत राहिला, आणि मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकू येऊन त्याच्या शेजारी बसल्या. समोर कोणीतरी चेंडू घेऊन पळत होतं, कोणीतरी त्याला लोळवत होतं, आणि ते कशासाठी चाललंय हे आमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं. मॅच संपेपर्यंत कोणीच उठलं नाही.