मी गायलेले बारा शब्द

माझं पाठांतर पक्कं आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथंच घात झाला. मी शाळेत मास्तरीण होते. पोरांच्या कविता मला पोरांच्या आधी पाठ व्हायच्या. स्तोत्रं, आरत्या, भुलाबाईची गाणी, यांचं तर विचारूच नका. त्यामुळं माझ्या मुलाला आपल्या मोबाइलमधल्या पाकिटाचे बारा शब्द कुठं जपून ठेवावेत हा प्रश्न पडला, तेव्हा त्याची नजर माझ्याकडं वळली.

हे पाकीट म्हणजे खिशातलं नव्हे. त्यानं क्रिप्टो घेतलं होतं, नुसती मोबाइलवर दिसणारी नाणी. मनीषनगरच्या आमच्या दोन खोल्यांत तिघांचं भागत नव्हतं, म्हणून तो आणि सून शहराच्या कडेला बेसाकडं घर घ्यायला पैसे बाजूला टाकत होते, आणि त्यातले बरेचसे त्यानं या नाण्यांत घातलेले. ती नाणी मोबाइलच्या एका ॲपमध्ये. मोबाइल हरवला तरी बारा इंग्रजी शब्द त्याच क्रमानं दुसऱ्या मोबाइलमध्ये टाकले की सगळं परत मिळतं. आणि तेच शब्द दुसऱ्या कोणाला कळले, तर सगळं त्याचं होतं. बँकेत जाऊन भांडायची सोय नाही, कारण बँकच नाही. हे शेवटचं त्यानं सांगितलं तेव्हा मी कुकरची शिट्टी मोजत होते. मला आपलं वाटलं, खरं कुलूप त्याच्या मोबाइललाच आहे, शब्द नुसते अडीअडचणीला.

कागदावर लिहिलं तर घरात कोणाच्याही हाती लागेल, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तर चोर आधी तेच शोधतात, असं त्याचं म्हणणं. "आई, तुझं डोकं कोणी हॅक नाही करू शकत," म्हणाला. मी अशी हुरळले की काही विचारू नका. या वयात मुलगा आपल्याला घराची किल्ली देतो, म्हणजे काय कमी झालं? पण लेमन, विंटर, टॉर्टॉइज असले एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द ओळीनं डोक्यात राहीनात. शेवटी मी ते भुलाबाईच्या गाण्याच्या चालीवर बसवले. एका दिवसात पाठ. भाजी चिरताना सुद्धा गुणगुणत होते.

त्या वर्षी नवरात्रात मुलगा जेवताना एकच विषय काढायचा. त्याचं जे नाणं होतं, ते चालवणाऱ्या लोकांत म्हणे भांडण झालं होतं, आणि एका नाण्याची दोन होणार होती. एका घरात दोन चुली होतात, तसं. गंमत अशी की ज्याच्याकडं जुनं नाणं आहे त्याला नवंही तितकंच मिळणार, त्याच बारा शब्दांवर. सून म्हणाली, मग यात फसवाफसवी होत असेल. तो म्हणाला, होते, म्हणून आधी जुनी नाणी दुसऱ्या पाकिटात हलवायची, नवे शब्द घ्यायचे, आणि मगच जुने शब्द वापरून नवीन नाणं आणायचं. घर रिकामं केल्याशिवाय किल्ली कोणाच्या हातात द्यायची नाही, असं त्यानं मला समजावलं. मला ते पटलं. माझा मुलगा हुशार आहे, असंही वाटलं.

अष्टमीला संध्याकाळी तो गॅलरीत मोबाइल घेऊन बसला होता. मला हाक मारली आणि म्हणाला, शब्द म्हणून दाखव, विसरली तर नाहीस? मी उभ्या उभ्या सगळे म्हटले. एकही चुकला नाही. तो मान खाली घालून बोटं चालवत राहिला, आणि मी नैवेद्याच्या पुऱ्या तळायला आत गेले.

मग आली कोजागिरी. आमच्या सोसायटीत आम्ही बायका भुलाबाई मांडतो. शेवटच्या दिवशी दूध आटवायचं, गाणी म्हणायची, डब्यात झाकून आणलेला खाऊ ओळखायचा. दोन बाजूंच्या बायकांची गाण्यांची चढाओढ लागते, ज्यांची गाणी संपली त्या हरल्या. आमच्या बाजूची संपली. समोरच्या बायका टाळ्या वाजवून चिडवू लागल्या, आणि मला चेव आला. माझ्याजवळ इंग्रजी गाणं आहे म्हणाले, आणि त्या चालीवर बाराच्या बारा शब्द ठणठणीत आवाजात म्हटले. बायका हसून हसून लोळल्या. दोनदा म्हणायला लावलं, मी दोनदा म्हटलं. माझ्या शेजारणीच्या मुलीनं व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ती पोरगी कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला, लहानपणी माझ्याकडं शिकायला यायची. खाली तिनं लिहिलं होतं, आमच्या काकूंचा कोणी हात धरू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं तो व्हिडिओ पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. तिनं मुलाला आधी पाकीट उघडायला लावलं. त्यानं उघडलं, आणि मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "सगळं गेलं." सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मुलानं पाहिलं नाही.

ती शरम मी कशी सांगू? धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, तसं मला दिवसभर वाटत होतं. सून धंतोलीच्या एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची बोलणी खाते, त्यातून तिनं ते घर जमवायला घेतलं होतं, आणि मी ते गाऊन उधळलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी स्वयंपाक करायची आणि दोघांची जेवणं होईपर्यंत आतच बसायची.

मग मुलगा एवढंच म्हणाला की हे शब्द ऐकून त्यांचा अर्थ कळायला माणूस त्यातला जाणकार पाहिजे. सोसायटीत जाणकार किती? माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. उजेड कसला, आग म्हणा. मी तशीच शेजारणीकडं गेले. आमची मैत्री इथं राहायला आलो तेव्हापासूनची. तिचा नवरा वारला तेव्हा तेरा दिवस तिच्या घरचा चहा माझ्याकडून गेला. ती दारातच दोन बायकांशी बोलत उभी होती. आत ये म्हणाली. मी आत गेले नाही. त्या दोघींसमोर म्हणाले, "तुझ्या पोट्टीले विचार, तिनं काहून काढला तो व्हिडिओ. आमचं घर बसलं वं."

 मी जिना उतरून घरी आले आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. आपल्या डोक्यावरचं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं की वाटतंच तसं.

त्यानंतर तिचं दार बंद झालं ते झालं. हळदीकुंकवाला मला बोलावणं आलं नाही, मीही गेले नाही. दिवाळी झाल्यावर पोरगी पुण्याला गेल्याचं कळलं. चांगली नोकरी लागली असणार, असं कोणी म्हणालं. मी मनात म्हटलं, लागणारच, आता कशाची कमी? देवा, हेही मी म्हटलं.

पोलिसांत तक्रार करावी असं सून म्हणत होती आणि मुलगा आज नको उद्या करत टाळत होता. शेवटी तीच त्याला ओढून सायबर पोलिसांकडं घेऊन गेली. परत आली ती सरळ माझ्याकडं, स्वयंपाकघरात. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. ती मला म्हणाली की या नाण्यांचा प्रत्येक व्यवहार जगाला दिसतो, कोणाचा ते दिसत नाही, पण केव्हा झाला ते दिसतं. साहेबांनी तिच्यासमोर उघडून दाखवलं. नाणी गेली ती अष्टमीला संध्याकाळी. कोजागिरीला पाकीट रिकामंच होतं.

मला आधी कळलंच नाही. मग गॅलरी आठवली, आणि बोटं चालवणारा तो. पुढचं सुनेनंच सांगितलं. नवीन नाणं आजच मिळवा, म्हणून त्याला कुठल्याशा ग्रुपवर एक बनावट ॲप आलं होतं. बारा शब्द टाका म्हणालं, आणि यानं टाकले. जुनी नाणी हलवायच्या आधीच. मला शिकवलेलं त्यानं स्वतःच केलं नाही, घाई नडली. आणि शब्द त्याला मी सांगितले होते, चोख, एकही न चुकता.

मुलगा पाठोपाठ आला. मी विचारलं, तुला अष्टमीपासून माहीत होतं? तो फ्रिजला टेकून उभा राहिला. लहानपणी वही हरवून आला की असाच उभा राहायचा. म्हणाला, "मी कुठं म्हटलं होतं, आई, का तुझ्यामुळंच गेलं म्हणून?"

खरंच, म्हटलं नव्हतं. फक्त, तुझ्यामुळं नाही गेलं, असंही म्हटलं नव्हतं. तो सांगत होता की बायकोसमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि तेवढ्यात व्हिडिओ आला. "तुझ्यावर कोणी किती दिवस रागावणार?" म्हणाला. सून तिथून निघून गेली. मला असा राग चढला की हातातलं लाटणं मी खाली ठेवलं, नाहीतर काय केलं असतं कोण जाणे. म्हटलं, चल माझ्यासोबत शेजारी, आत्ता. तो आला नाही.

मी एकटी गेले. पायऱ्या चढताना काय बोलायचं ते दहा तऱ्हांनी जुळवलं, आणि दार उघडल्यावर एकही तऱ्हा आठवली नाही. शेजारणीनं मला आत घेतलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मुलाचंही सांगितलं, झाकलं नाही. माफी मागितली. ती ऐकत राहिली. तिला माझा राग आलेला दिसला असता तर मला सोसलं असतं.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू गेल्यावर मी तिले मारलं. एवढ्या मोठ्या पोरीले. तिच्या बाबाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्याले लावली. तिनं घेतली, तरी मी म्हटलं, तू खोटं बोलून राहिली." जरा थांबून म्हणाली, "तू निदान आपल्या पोरावर भरवसा ठेवला वं. मी तेवढंही नाही केलं."

 पोरगी दिवाळीनंतर गेली ती आलीच नाही, हे तेव्हा मला कळलं. पैसे पाठवते, औषधं मागवून देते, पण आईचा फोन घेत नाही. मी म्हटलं, लाव, मी बोलते. तिनं लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, तेच. तेव्हा ती माझ्या मोबाइलकडं पाहून म्हणाली, तुझ्यावरून लाव, हा नंबर तिच्याकडं नसेल. तो चोरीनंतर मुलानंच सुरक्षेच्या नावाखाली मला नवीन घेऊन दिलेला.

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. "हॅलो, कोण बोलून राहिलं?"

मी कोण ते सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही, म्हणून मी बोलत राहिले. तुझं काही चुकलं नव्हतं बाई, माझं चुकलं, असं पुन्हा पुन्हा. माझी मैत्रीण सरकत सरकत माझ्या खांद्याला येऊन भिडली आणि तिनं मोबाइलच्या मागच्या बाजूला कान लावला. ती काही बोलली नाही, मलाही तिनं खुणेनं सांगितलं, मी इथं आहे म्हणून सांगू नको. तिला नुसता पोरीचा आवाज ऐकायचा होता.